टक्के कुणाचे?

लग्नसराईत आपल्याकडे मांडवात बसलं, की अक्षता पडायच्या आधी दोन प्रश्न हमखास येतात. तुमच्याकडं टँकर चालू झाला का? आणि पोराला किती पडले? पहिल्याचं उत्तर सगळे सारख्याच आवाजात देतात. दुसऱ्याचा आवाज आकड्यावर ठरतो. नव्वदच्या वर असतील तर मागच्या रांगेलाही ऐकू जातं, साठच्या आसपास असतील तर "बरे आहेत की" म्हणून आपण विषय पंगतीवर नेतो. टक्के पोराचे, आणि मान वर-खाली होते आपली. मी यात वेगळी नाही.

माझी लेक आठवीत आहे, सावेडीतल्या शाळेत. यंदा शिष्यवृत्तीचीही परीक्षा आहे. घटक चाचणीच्या दिवशी सकाळी सातला तिचं पोट दुखतं. युनिफॉर्मच्या कॉलरचं टोक दातात धरून ती बाथरूमच्या दारात उभी राहते, डबा नको म्हणते, दोनदा आत जाऊन येते. दुपारी दप्तर टाकते तेव्हा कडकडून भूक लागलेली असते. सासूबाई म्हणतात, "नाटकं आहेत सगळी." नाटक नसतं ते. धास्ती घेतली की शरीर संकट अंगावर आल्यासारखं वागतं. छाती धडधडते, हातपाय गार पडतात, पचन मंदावतं, मळमळतं, कळ येते. दुखणं खरंच असतं, फक्त ते ओव्याच्या अर्कानं जात नाही.

अशा सकाळी दोन गोष्टी पटकन तोंडावर येतात. एक, "राहू दे आज घरी." त्या दिवसापुरतं पोट थांबतं, पण शाळा टाळली की बरं वाटतं हेही पोर शिकतं आणि पुढच्या चाचणीला कळ जास्त येते. दुसरी, "एवढ्याशा परीक्षेला काय घाबरायचं?" यानं भीती जात नाही, ती सांगायची सोय मात्र जाते. आमच्याकडे सध्या चालतं ते एवढंच: "दुखतंय ना? दिसतंय मला. दुखतंय तसंच जाऊ या." मग गाडी काढायची. रस्त्यात उजळणी घ्यायची नाही.

पण खरं अवघड काम सकाळचं नाहीच. ते आपल्या घरातल्या एका वाक्याचं आहे, आणि ते वाक्य आमच्या जिल्ह्यात तरी घरोघरी आहे: "शीक, नाहीतर कोयता आहेच." पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडच्या माणसाला त्याचा अर्थ सांगावा लागत नाही. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी बिऱ्हाड ट्रॅक्टरवर चढायचं, पोरं आजीपाशी राहायची किंवा फडावर जायची. माझं माहेर जामखेड तालुक्यातलं, आजोबा ऊसतोडीला जायचे. माझ्या वडिलांना या वाक्यानं शाळेत टिकवलं, हे मी नाकारत नाही. ज्या घरात शाळा हाच एक रस्ता होता तिथली ती धमकी नव्हती, ती माहिती होती. आज तेच वाक्य मी फ्लॅटमध्ये बसून लेकीला ऐकवलं, तर तिला काय ऐकू येईल? मार्क पडले तर तू माणूस, नाहीतर तू पणजोबांसारखी. म्हणजे ज्यांच्या पाठीवर आपण इथवर आलो तेच कमी दर्जाचे. पोटात गोळा यायला एवढं पुरतं.

जामखेडचाच एक दाखला मला नेहमी आठवतो. 1970 साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे तिथं ग्रामीण आरोग्याचं काम करायला आले. तेव्हा त्या भागात हजारातली पावणेदोनशेच्या आसपास बाळं वर्षाच्या आत दगावायची. आधी शिकलेल्या नर्सबाई गावोगाव ठेवून पाहिल्या, पण ते जमेना. मग गावांनी आपल्यातल्याच बायका निवडल्या. त्यांतल्या कितीतरी दलित वस्तीतल्या, शाळेचं तोंड न पाहिलेल्या. त्यांना बाळंतपण, जुलाबावरचं मीठ-साखरेचं पाणी, बाळाचं वजन हे सगळं शिकवलंच. पण आरोळ्यांच्या लक्षात आलं होतं, की जी बाई स्वतःला कवडीमोल समजते ती वरच्या आळीत जाऊन चार शब्द सांगू शकणार नाही. म्हणून आरोग्याच्या धड्यांच्या जोडीनं तिचा स्वतःवरचा विश्वास वाढवणं हाही त्या प्रशिक्षणाचा पाया झाला. पुढे बालमृत्यू झपाट्यानं उतरले. 1979 साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला, आणि जगभरचे लोक जामखेडला शिकायला येऊ लागले.

तिथं शिकणं आणि स्वतःची किंमत जोडीनं चाललं; आपण शिकलेले पालक मात्र त्यात क्रम लावतो. आधी मार्क, मग किंमत. आणि हे पोरांना शिकवायच्या आधी आपण स्वतःला लावून घेतलेलं असतं. पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कुणी गुणपत्रिकेचा फोटो टाकला की घास अडकतो तो आपला. लेक तर तेव्हा शेजारी बसून मजेत जेवत असते. ती वर बघते, आपला चेहरा पाहते, आणि मग तिचाही अडकतो.

त्या ग्रुपचा आवाज मी बंद करून ठेवला आहे. लेकीला पणजोबांच्या गोष्टी सांगते, मोळी कशी बांधायची, थंडीत पहाटे फडावर कसं उतरायचं. तिला त्या आवडतात. पोटदुखी पूर्ण गेली का? नाही. सहामाहीला पुन्हा झाली. कमी वेळ टिकली, एवढंच.

मात्र सगळंच घरात निभत नाही. झोप उडाली, जेवण तुटलं, आठवडेच्या आठवडे पोर शाळेचं नाव काढू देत नाही, किंवा जगण्याबद्दल वेडंवाकडं बोलू लागलं, तर "वयच तसं आहे" म्हणत बसू नका. डॉक्टर गाठा. 14416 हा टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा सरकारी क्रमांक आहे, फुकट, दिवसरात्र, आणि मराठीतही बोलता येतं. तो फक्त मुलांसाठी नाही. निकालाच्या आदल्या रात्री तुमचाच डोळा लागत नसेल, तर स्वतःसाठीही लावा.