वजनकाटा फसवतो, शिंप्याची टेप फसवत नाही

"डॉक्टर, मला शुगर कशी असेल? माझं वजन तर साठ किलोसुद्धा नाही!" मधुमेहाचा रिपोर्ट हातात पडल्यावर निघणारे हे उद्गार आपल्या भागातील दवाखान्यांना नवे नाहीत. मधुमेह, रक्तदाब आणि हृदयविकार हे लठ्ठ, सुखवस्तू, बसून खाणाऱ्या माणसांचे रोग, अशी आपली पक्की समजूत असते. त्यामुळे सडपातळ माणूस स्वतःला सुरक्षित समजतो, तपासणीला जात नाही, आणि एक दिवस छातीत कळ येते तेव्हाच त्याला सगळे एकदम कळते. म्हणून आज या बारीक माणसाविषयीच थोडे विस्ताराने लिहावयाचे आहे.

हा प्रश्न जगापुढे ठळकपणे मांडला तो आपल्याच महाराष्ट्रातून. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांनी २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आपला एकत्र फोटो छापला. उंचीच्या मानाने वजन किती हे सांगणारा आकडा, म्हणजे बीएमआय, दोघांचाही तंतोतंत सारखा होता, २२.३. वजनकाट्याच्या दृष्टीने दोघे जुळे भाऊच म्हणा ना! पण अंगातील चरबी मोजली तेव्हा युडकिन यांची ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. म्हणजे दुपटीहून जास्त. बाहेरून बारीक आणि आतून चरबीयुक्त, असा हा आपला भारतीय बांधा.

तो जन्मापासूनच असतो, हेही पुण्याकडच्या अभ्यासातूनच दिसले. १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील गरोदर स्त्रियांची व पुढे त्यांच्या बाळांची पाहणी सुरू झाली. या बाळांचे जन्मवजन सरासरी २.७ किलोच्या आसपास भरले, तर इंग्लंडमधील साऊदॅम्प्टनच्या बाळांचे साडेतीन किलोच्या आसपास. आपली बाळे सर्वच बाबतींत लहान होती, परंतु सारख्या प्रमाणात नव्हे. स्नायू फार कमी होते, कातडीखालची चरबी मात्र त्या मानाने बरीच टिकून होती. शेतात राबणाऱ्या, बेताचे खाणाऱ्या आईच्या पोटी जन्मलेल्या मुलाचे शरीर काटकसरीची शिकवण घेऊनच बाहेर येते. पुढे त्याला शहरात नोकरी लागते, चहा-बिस्किटे, वडापाव आणि दुचाकी मिळते, आणि तीच काटकसर अंगाशी येते.

आता हे घडते कसे ते पाहू. जेवणानंतर रक्तात जी साखर येते तिचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक म्हणजे आपले स्नायू. गिऱ्हाईकच कमी असेल तर माल पडून राहतो. उरलेल्या मालाची चरबी होते आणि ती कातडीखालच्या गोदामात भरली जाते. या गोदामात जागा उरली नाही, की मोंढ्यात हंगामात पोती जशी रस्त्यावर थप्पी लावून ठेवतात, तशी चरबी यकृतात आणि आतड्यांभोवती साठू लागते. पोटाच्या आतील ही चरबी निमूट पडून राहत नाही. ती इन्सुलिनचे काम बिघडवते. मग तेच काम करून घेण्यासाठी स्वादुपिंडाला जास्त जास्त इन्सुलिन सोडावे लागते. ही ओढाताण कित्येक वर्षे चालते. दरम्यान रक्तदाब चढतो, रक्तातील ट्रायग्लिसराइड वाढते, एचडीएल हे चांगले कोलेस्टेरॉल उतरते. शेवटी स्वादुपिंड थकले की साखर वाढते. तोवर हृदयाच्या रक्तवाहिन्यांचे नुकसान बऱ्यापैकी होऊन गेलेले असते. अमेरिकेचे डॉ. जेराल्ड रीव्हन यांनी १९८८ मध्ये हा सारा गोतावळा एकत्र ओळखला होता. आज त्याला मेटाबोलिक सिंड्रोम म्हणतात. मधुमेह, बीपी आणि हृदयविकार हे तीन वेगळे पाहुणे नसून एकाच घरातले सख्खे भाऊ आहेत, असे समजा.

टेप कशी लावावी?

घरात शिवणकामाची टेप असेलच. सकाळी उपाशीपोटी, अंगावरचा कपडा वर करून उभे राहावे. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, साधारण बेंबीच्या आसपास टेप धरावी. श्वास सहज सोडून, पोट आत न ओढता आकडा वाचावा. पुरुषांमध्ये तो ९० सेंटिमीटरच्या, म्हणजे साडेपस्तीस इंचांच्या आत हवा. स्त्रियांमध्ये ८० सेंटिमीटरच्या, म्हणजे साडेएकतीस इंचांच्या आत हवा. पँटचा नंबर सांगून चालणार नाही! पुष्कळ पुरुष पोटाखाली पँट बांधतात आणि वीस वर्षे 'माझी कंबर चौतीसच आहे' असे अभिमानाने सांगतात. पोट कुठवर गेले ते पँटला ठाऊकच नसते.

आणखी एक खूण आरशात दिसते. मानेच्या मागे किंवा काखेत कातडी काळपट, जाडसर, मखमलीसारखी झाली असेल तर तो मळ नव्हे. आपल्याकडे आया मुलींची मान दगडाने घासघासून लाल करतात. ही खूण बहुतेक वेळा इन्सुलिनचे काम बिघडल्याची असते, ती घासून जात नाही. रात्री लघवीला वारंवार उठणे, सारखी तहान लागणे, जखम लवकर न भरणे ही मधुमेहाची लक्षणे सर्वांना माहीत आहेत, पण ती दिसतात तेव्हा आपण उशीर केलेला असतो.

कंबर जास्त भरली तर, किंवा बारीक असूनही आईवडिलांपैकी कोणाला मधुमेह असेल तर, तपासणी करून घ्यावी. रक्तदाब १३०/८५ किंवा त्याहून जास्त, उपाशीपोटी साखर १०० किंवा त्याहून जास्त, ट्रायग्लिसराइड १५० किंवा त्याहून जास्त, एचडीएल पुरुषांत ४० पेक्षा आणि स्त्रियांत ५० पेक्षा कमी, आणि वाढलेली कंबर, या पाचांपैकी तीन गोष्टी आढळल्या तर मेटाबोलिक सिंड्रोम आहे असे डॉक्टर मानतात. उपाशीपोटी साखर १२६ किंवा अधिक आली तर दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासून मधुमेहाचे निदान पक्के करतात. शंभर ते एकशे पंचवीसच्या मधली माणसे 'थोडीशीच आहे' म्हणून रिपोर्ट कपाटात ठेवून देतात. खरे तर वाचवता येण्यासारखी माणसे हीच. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार मधुमेहींची संख्या १० कोटींच्या वर आहे आणि या उंबरठ्यावर उभ्या असलेल्यांची १३ कोटींहून अधिक.

उंबरठ्यावरून मागे फिरता येते काय? येते. चेन्नईचे डॉ. ए. रामचंद्रन यांनी अशा ५३१ जणांवर प्रयोग केला, त्याचे निष्कर्ष २००६ मध्ये आले. ज्यांना नेहमीचाच सल्ला मिळाला त्यांच्यापैकी ५५ टक्के लोकांना तीन वर्षांत मधुमेह झाला. ज्यांचे खाणे आणि चालणे नीट लावून दिले त्यांच्यात हे प्रमाण ३९ टक्के राहिले. गंमत अशी, की या दुसऱ्या गटाचे वजन फारसे उतरलेच नव्हते. काटा हलला नाही म्हणून चालणे सोडणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

ताटात काय बदलावे?

प्रथम चहा. दिवसाला पाच कप आणि कपाला दोन चमचे साखर धरली, तर रोजची पन्नास ग्रॅम, महिन्याची दीड किलो साखर एका माणसाच्या पोटात नुसत्या चहातून जाते. आधी ती निम्मी करा. पंधरा दिवसांत जीभ सरावते, मग पुन्हा निम्मी करा. तेलाचे गणितही असेच किराण्याच्या यादीवरून करावे. माणशी महिन्याला अर्धा लिटर, म्हणजे चौघांच्या घरात दोन लिटर. यात फोडणी, तळण, लोणचे सगळे आले.

मराठवाड्याची ज्वारीची भाकरी चांगलीच. मैद्याच्या पावापेक्षा आणि पॉलिश तांदळाच्या भातापेक्षा तिच्यात चोथा जास्त असतो. पण अलीकडे 'भाकरी खाल्ली की शुगर होत नाही' असा प्रचार चालतो, तो खोटा आहे. भाकरीतही पिठूळ पदार्थच असतो. चार भाकरी आणि चमचाभर वरण, यापेक्षा दोन भाकरी, वाटीभर घट्ट वरण किंवा उसळ, भरपूर पालेभाजी, काकडी-कांदा आणि वाटीभर ताक असे ताट हवे. स्नायू डाळी, दूध, अंडी, मासे यांवर पोसले जातात, आणि नेमके हेच आपल्या ताटात कमी पडते. एकादशीच्या साबुदाण्याविषयी काय बोलावे? तो जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे. त्याऐवजी भगर आणि शेंगदाण्याची आमटी, तीही बेताने घ्यावी. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपवास करूच नये. आता आपल्या शहरात राहून नान-खलिया खाऊ नये असे कसे सांगणार! सणासुदीला खावा, मात्र नान एकच घ्यावा आणि वरची तर्री वाटीत राहू द्यावी.

चालण्यासाठी छत्रपती संभाजीनगरात जागांची वाण नाही. विद्यापीठाचा परिसर आहे, हिमायतबाग आहे, गोगाबाबा टेकडी आहे. आठवड्याला किमान १५० मिनिटे, बोलता येईल पण गाणे म्हणता येणार नाही इतक्या वेगाने चालावे. पण वर सांगितले तसे आपले खरे दुखणे स्नायूंचे आहे, तेव्हा केवळ चालून भागणार नाही. आठवड्यातून दोनदा तरी बैठका, जोर किंवा हलकी वजने उचलावीत. वयस्कांनी खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठावे-बसावे. वाळूजला रात्रपाळी करणाऱ्यांना पहाटे फिरणे जमत नाही, त्यांनी निदान जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे चालावे. शतपावलीची आपली जुनी चाल जेवणानंतर चढणारी साखर खरोखरच आटोक्यात ठेवते. तंबाखूबद्दल एवढेच, की विडी, गुटखा आणि मिसरी या तिन्हींचा हृदयाशी संबंध आहे, फक्त तोंडाशी नव्हे. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, ती किती पाळली जाते ते आपण जाणताच.

घरात सून किंवा मुलगी गरोदर असेल तर तिच्या ताटाकडे आजपासून लक्ष द्या. पुढच्या पिढीचा मधुमेह तेथेच ठरू लागतो. याज्ञिक यांच्याच अभ्यासात आईमध्ये बी-१२ जीवनसत्त्व कमी असण्याचा मुलाच्या इन्सुलिनच्या बिघाडाशी संबंध दिसला. शाकाहारी घरांत हे जीवनसत्त्व दुधा-दह्यातूनच मिळते. तेव्हा ते आधी गरोदर बाईला आणि मग घरातील पुरुषांना मिळावे. रक्ततपासणी करून डॉक्टर गोळीही देतात.

शेवटी छातीच्या दुखण्याविषयी. टेकडीचा चढ चढताना छातीवर दाब येतो आणि थांबले की उतरतो, असे घडत असेल तर त्याच आठवड्यात ईसीजी आणि पुढील तपासण्या करून घ्याव्यात. मात्र बसल्या जागी छातीत दडपण आले, ते डावा हात, जबडा किंवा पाठीत गेले, दरदरून घाम सुटला, तर तो 'गॅस' आहे असे घरच्या घरी ठरवू नका. मधुमेही आणि स्त्रियांमध्ये कधी कधी छाती दुखतही नाही, नुसता दम लागतो, मळमळते किंवा एकाएकी गळून गेल्यासारखे होते. सोडा पाजण्यात, पोट चोळण्यात पहिला तास घालवू नये. रुग्णाला चालवू नये, जिना उतरायला लावू नये, दुचाकीवर मध्ये बसवून तर मुळीच नेऊ नये. १०८ ला फोन करावा, ही रुग्णवाहिका सेवा राज्यात २०१४ पासून विनामूल्य आहे. ईसीजी होईल अशा जवळच्या रुग्णालयात थेट जावे आणि चालू असलेल्या गोळ्यांची चिठ्ठी बरोबर घ्यावी.

तपासणीच्या खर्चाची अडचण असणाऱ्यांसाठी सरकारी आरोग्य केंद्रांत तीस वर्षांवरील सर्वांचा रक्तदाब आणि साखर मोफत तपासण्याची सोय आहे. उपाशीपोटी साखर पाहायची असेल तर आदल्या रात्री आठनंतर काही खाऊ नये आणि सकाळी चहासुद्धा न घेता जावे. पाणी चालते.