गरम म्हणजे शिजलेलं नव्हे

त्या संध्याकाळी मी केलेले पाव हातात धरवत नव्हते इतके गरम होते. चीज वितळून कडेनं ओघळत होतं आणि पोरं फुंकर मारमारून खात होती. दुसऱ्या दिवशी रात्री त्यांतली तिघं आजारी पडली. माझ्या लेकीला पहाटे तीन वाजता दवाखान्यात न्यावं लागलं. शेजारच्या पाच वर्षांच्या मुलाला दोन दिवस सलाईन लावलं. सगळी बरी झाली, हे आधीच सांगते. पण ते दोन दिवस मी ज्या मनःस्थितीत काढले, ती दुसऱ्या कुठल्या आईवर येऊ नये, म्हणून हे लिहिते आहे.

आम्ही ओरोसला राहतो. १९८१ साली सिंधुदुर्ग जिल्हा रत्नागिरीपासून वेगळा झाला आणि जिल्ह्याचं मुख्यालय इथं, सिंधुदुर्गनगरीत उभं राहिलं. त्यामुळे आमच्या आजूबाजूची बरीचशी घरं नोकरदारांची. नवरा-बायको दोघंही कार्यालयात, सहा-सव्वासहाला घरी, आणि सातच्या आत पोरांच्या पोटात काहीतरी पडायला हवं. झटपट होणाऱ्या पदार्थाचं आम्हांला म्हणूनच फार आकर्षण.

लेकीचा आठवा वाढदिवस जूनमध्ये, शाळा सुरू झाल्यावरच्या पहिल्या शुक्रवारी आला. तिनं मोबाईलवर कुणीतरी केलेले छोटे बीफ-चीज बर्गर पाहिले होते. एका हातात मावतील एवढे पाव, मध्ये मांसाची टिक्की, वर वितळलेलं चीज. तसलेच हवेत, असा हट्ट. आमच्या घरात बीफ शिजत नाही. शिवाय महाराष्ट्रात गायीच्या कत्तलीला १९७६ च्या कायद्यानं बंदी होतीच, २०१५ पासून बैल आणि वळूही त्यात आले. मी कोंबडीचा खिमा घ्यायचं ठरवलं.

दुपारी दीडच्या सुट्टीत जाऊन अर्धा किलो खिमा आणला आणि पिशवी कार्यालयातल्या टेबलाखाली ठेवली. मिरगाची पहिली सर पडून गेली होती, हवेत नुसतं दमट उकडत होतं. पाच तासांनी घरी पोचले तेव्हा खिम्याला वास नव्हता, रंग बरा होता. कांदा, आलं-लसूण, हळद, मालवणी मसाला घालून मळला आणि जाड-जाड टिक्क्या थापल्या. मोठ्या आचेवर तव्यात टाकल्या. तेवढ्यात लाईट गेली. बॅटरीच्या उजेडात त्या दोन्ही बाजूंनी तांबूस, खरपूस दिसल्या. ज्या ताटात कच्च्या टिक्क्या थापून ठेवल्या होत्या, त्याच ताटात त्या काढल्या. वर चीज ठेवलं, पावात घातल्या, पुन्हा एकदा तव्यावर दाबल्या. चीज वितळलं. मी म्हटलं, झालं.

दवाखान्यात डॉक्टरांनी तीनच प्रश्न विचारले. खिमा कधी आणला? कुठं ठेवला होता? टिक्की मोडून आतून पाहिली होती का? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं देताना माझा आवाज खाली खाली गेला. तिसऱ्याला मी उत्तरच दिलं नाही. घरी आल्यावर फ्रीजमध्ये उरलेली एक टिक्की बाहेर काढून सुरीनं कापली. कडेला बोटाच्या पेराएवढा भाग पांढरट आणि मोकळा, मध्ये मात्र ओलसर, चिकट, हाताला दबणारा. आमच्या आई, म्हणजे सासूबाई, शेजारी उभ्या होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "हळद-मसालो लागलो काय कच्चां-शिजलेलां डोळ्याक कळणा नाय. एक फोडून बघूक व्हया होतां."

खिम्याचं गणित अख्ख्या तुकड्यापेक्षा वेगळं असतं, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. मटणाच्या अख्ख्या तुकड्यावर जंतू बहुतेक करून बाहेरच्या पृष्ठभागावर असतात आणि आच लागताच मरतात. खिमा करताना मात्र बाहेरचं सगळं आत जातं. यंत्राच्या पात्यातून, हातांतून, फळीवरून आलेलं सारं गोळ्याच्या अगदी मध्यापर्यंत मिसळतं. कोंबडीत तर साल्मोनेला आणि कॅम्पिलोबॅक्टर हे जंतू नेहमीचेच. म्हणून टिक्कीचा मधला भाग शिजला तरच ती शिजली.

याची जबर किंमत जगानं आधीच मोजली आहे. १९९३ साली अमेरिकेच्या पश्चिम भागात अर्धवट शिजलेल्या बर्गरमधून ई. कोलाय या जंतूची साथ पसरली. सातशेच्या वर माणसं आजारी पडली आणि चार मुलं दगावली. टिक्क्या बाहेरून भाजलेल्याच होत्या. लेकीनं पाहिलेला पदार्थ ज्या लहान बर्गरवरून निघाला, ते विकणाऱ्या एका जुन्या अमेरिकी दुकानसाखळीत तर टिक्कीला पाच भोकं पाडतात. ती कांद्याच्या थरावर ठेवतात आणि खालची वाफ त्या भोकांतून वर येऊन मधलं मांस शिजवते. पातळ टिक्की आणि वाफ ही त्या पदार्थाची मूळ खुबी. मी फक्त त्याचं रूप उचललं होतं.

माझ्या चुका तीन होत्या आणि त्या स्वतंत्रपणे सांगायला हव्यात, कारण त्यांतली कुठलीही एक आजारी पाडायला पुरेशी असते.

पहिली चूक पिशवीची. ५ ते ६० अंश सेल्सिअस या टप्प्यात जंतू वाढतात आणि आपली कोकणातली हवा वर्षभर याच टप्प्यात असते. सोयीची ऊब मिळाली की काही जंतू वीस-वीस मिनिटांत दुप्पट होतात. कच्चं मांस बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एक तासच. पुढं नीट शिजवलं म्हणजे सगळं भरून निघतं, असंही नाही. काही जंतूंनी सोडलेलं विष उकळल्यावरही टिकतं. तेव्हा पाच तास बाहेर राहिलेला खिमा टाकूनच द्यायचा. पैसे गेले तरी द्यायचा.

दुसरी चूक आचेची. मोठी आच आणि जाड टिक्की यांचा मेळ बसत नाही. बाहेरून करपायला येते, आत ऊब पोचत नाही. चीज वितळणं ही तर खोटी खूण. कोंबडी शिजायच्या खूप आधी चीज वितळतं. कोंबडीच्या खिम्याचा मधला भाग ७४ अंशांवर गेला पाहिजे, मटण किंवा बीफच्या खिम्याचा ७१ वर. गोव्यात किंवा परदेशात राहून बीफचेच पाव करणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा, कारण बीफचा खिमा पुरता शिजण्याआधीच तपकिरी पडू शकतो. टोचायचा तापमापक आता काही शे रुपयांत मिळतो. मी घेतला आहे आणि तो मिसळणाच्या डब्याशेजारीच ठेवते.

तिसरी चूक ताटाची. कच्च्याचं ताट, सुरी, फळी आणि हात साबणानं धुतल्याशिवाय शिजलेल्याला लावू नयेत. खिमा नळाखाली धुऊही नये. त्यानं जंतू जात नाहीत, शिंतोडे मात्र ओटाभर उडतात.

आता तेच पाव मी कसे करते ते सांगते, कारण लेकीचा हट्ट चुकीचा नव्हताच. टिक्की थापायचीच नाही. आपल्याकडे सुटा खिमा परतायची जी रीत आहे, तीच इथं कामाला येते.

खिमा घरी यायच्या वाटेवर सगळ्यात शेवटी घ्यावा. मी आता सोबत बर्फाची बाटली घातलेला डबा नेते. अर्धा किलो कोंबडीच्या खिम्याला दोन मोठे कांदे बारीक चिरून तेलात गुलाबी करावेत, त्यात आलं-लसणाचं वाटण आणि दोन चमचे मालवणी मसाला घालावा. मग खिमा घालून गुठळ्या मोडत मोठ्या आचेवर परतावा. त्याला पाणी सुटतं. ते पाणी खदखदू लागलं की झाकण ठेवून मध्यम आचेवर दहा मिनिटं. नंतर झाकण काढून पाणी आटवावं आणि तेल सुटेपर्यंत परतावं. तेल सुटणं ही आपल्या आजीची खूण उगाच नाही. खिमा मोकळा असेल, तर अंगच्या पाण्यात खदखदताना प्रत्येक कण शंभर अंशांच्या आसपास पोचलेला असतो. मटणाचा खिमा घेतलात तर कुकरला तीन शिट्ट्या काढून मग आटवावा.

पावांची अख्खी लादी घ्यावी, सुटे करू नयेत. लांब सुरीनं लादीचे आडवे दोन थर करावेत, खालच्या थराला लोणी लावून तव्यावर मिनिटभर शेकवावं. त्यावर कोरडा, कडकडीत गरम खिमा पसरावा, वर चीजचे काप, त्यावर वरचा थर. वरून लोण्याचा हात फिरवून झाकण ठेवावं आणि मंद आचेवर चार-पाच मिनिटं. उतरवल्यावर लादीच्या रेघांवरून पाव सुटे करावेत. आठ पाव एका वेळी होतात आणि खिमा तयार असेल तर सगळा खेळ दहा मिनिटांचा. घाईच्या दिवसासाठी खिमा आदल्या रात्री करून, पसरट भांड्यात निववून दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवावा आणि दुसऱ्या दिवशी वाफा येईपर्यंत गरम करावा. फक्त आपल्याकडे पावसात लाईट जाते, हे धरून चालावं. बंद दाराचा फ्रीज साधारण चार तास थंडावा धरतो. त्याहून जास्त वेळ लाईट गेली असेल, तर तो खिमा पोरांना देऊ नका.

आणि एवढं करूनही कुणाला त्रास झालाच तर? पहिलं औषध पाणी. ओआरएसची पुडी तिच्यावर लिहिलं असेल तेवढ्याच पाण्यात, घोट घोट. पुडी नसेल तर उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. जुलाब थांबवायची गोळी मुलांना आपल्या मनानं देऊ नका. शौचातून रक्त, उतरत नसलेला ताप, सहा-आठ तास लघवी नाही, डोळे खोल गेलेले, मूल गळून झोपेत जातंय, यातलं एक जरी दिसलं तरी रात्र असो वा पाऊस, दवाखाना गाठा.

एक काम मी त्या पहाटे केलं, ते सगळ्यात जड गेलं आणि तेच सगळ्यात योग्य ठरलं. लेकीला सलाईन लागल्यावर मी दवाखान्याच्या व्हरांड्यातून सहा घरी फोन लावले. साडेचार वाजले होते. प्रत्येकीला सांगितलं, माझ्या हातचा खिमा कच्चा राहिला होता, पोराकडे लक्ष ठेवा. शेजारच्या वहिनींचं पोर तेव्हा नुकतंच उलटी करून झोपलं होतं. उकाड्यानं झाली असेल म्हणून त्या सकाळची वाट पाहणार होत्या. फोन ठेवून त्या लगेच निघाल्या. दोन दिवसांनी पोराला घरी आणलं तेव्हा मी त्यांच्या दारात गेले, तोंडातून शब्द फुटेना. त्या म्हणाल्या, "सांगितलंस तां बरां केलंस."

पुढच्या जूनमध्ये तीच सहा पोरं पुन्हा आमच्याकडे आली. वहिनींनीही आपलं पोर पाठवलं. मी लादी उतरवली, सगळ्यात मधला पाव ताटलीत उघडून ठेवला, तापमापक टोचला. आकडा ८० च्या वर गेला तेव्हा कुठं बाकीच्या पावांना हात लावला.