कृती लिहून ठेवा

मुलांनो, प्रयोगवहीत तुम्ही साहित्य आणि कृती लिहिता. संगणक सांभाळणारे लोकही मोठा बदल करण्यापूर्वी अशीच कृती लिहितात. का, ते पाहा.

अमेरिकेत नाइट कॅपिटल ही शेअरबाजारातील मोठी कंपनी होती. २०१२ साली तिला ८ संगणकांवर नवा प्रोग्रॅम बसवायचा होता. एक संगणक राहून गेला. दुसऱ्या कोणी काम तपासले नाही. तसा लेखी नियमच नव्हता. १ ऑगस्टला बाजार उघडताच त्या संगणकावरचा जुना प्रोग्रॅम चुकीचे सौदे करू लागला. दुरुस्तीसाठी इतर ७ संगणकांवरचा नवा प्रोग्रॅम काढला, तर चूक आणखी वाढली. सुमारे ४५ मिनिटांत ४६ कोटी डॉलरांहून अधिक नुकसान झाले!

म्हणून एका ओळीत एकच काम लिहा. ते झाल्यावर काय दिसायला हवे, तेही लिहा. झालेल्या कामापुढे खूण करा. काम बिघडले तर काय करायचे, हे आधीच ठरवा. शेवटी कागद मित्राला द्या. तुम्हाला न विचारता त्याला काम करता आले, तर तुमची कृती बरोबर.

आता शाळेतील संगणक बंद करण्याची कृती लिहा.