गुहेतली अक्षरे

मंडळी, वेरूळ-अजिंठ्याची लेणी आपल्याला माहीत आहेत. ती माणसांनी छिन्नी-हातोड्याने कोरली. पण पाणीही गुहा कोरते, हे ठाऊक आहे का? आज आपण अशा एका गुहेची आणि तिच्यावरच्या दोन पुस्तकांची हकिकत वाचू.

अमेरिकेत केंटकी नावाचे राज्य आहे. तिथे चुनखडीचा दगड फार. पावसाचे पाणी हवेतून आणि मातीतून जाताना थोडे आम्ल होते. हे पाणी दगडाच्या फटींत उतरते. त्यात चुनखडी हळूहळू विरघळते. लाखो वर्षे असे चालले, की फटीचे भुयार होते. तिथली मॅमथ गुहा अशीच झाली. तिला शेकडो फाटे आहेत. आजवर सापडलेल्या वाटा जोडल्या, तर ४२० मैलांहून जास्त भरतात. मुंबईहून पणजीला जाणारा रस्तासुद्धा एवढा लांब नाही. जगात माहीत असलेली सर्वांत लांब गुहा हीच.

या वाटा शोधल्या कोणी? पहिले मोठे नाव एका गुलामाचे आहे. त्या काळी तिथे माणसे गुराढोरांसारखी विकली जात. स्टीफन बिशप हा असाच विकला गेलेला तरुण. १८३८ साली मालकाने त्याला गुहेवर वाटाड्या म्हणून आणले. गुहेत एक खड्डा होता, १०० फुटांहून खोल. त्याच्यापुढे कोणी जात नसे. स्टीफनने त्यावर शिडी आडवी टाकली आणि तो पलीकडे गेला, असे सांगतात. पुढे जमिनीखालच्या नद्या सापडल्या. त्यांत डोळे नसलेले मासे होते. कायमच्या अंधारात डोळे हवेत कशाला?

स्टीफनला शाळा कुठली? गुहा बघायला येणारे पाहुणे मेणबत्तीच्या धुराने दगडावर आपली नावे काढीत. ती बघून तो अक्षरे शिकला, असे म्हणतात. मग त्याने स्वतःचे नावही तसेच काढले.

१८४२ साली मालकाने त्याला गुहेपासून दूर, लुईव्हिल शहराजवळ नेले. तिथे बसून स्टीफनने गुहेचा नकाशा काढला. समोर गुहा नाही, सारे आठवणीतून! १८४५ साली गुहेवर एक पुस्तक निघाले. ते बुलिट नावाच्या गृहस्थांनी लिहिले होते. पण त्यांनी आपले नाव न छापता फक्त ‘एक पाहुणा’ एवढेच छापले. आत नकाशा होता. त्यावर मात्र नाव होते, स्टीफन बिशप. १८५६ साली स्टीफन गुलामीतून सुटला आणि पुढच्याच वर्षी वारला. नकाशा मात्र राहिला.

आता दुसरे पुस्तक. मॅमथ गुहेच्या शेजारी दुसरा डोंगर आहे. मध्ये दरी आहे. त्या डोंगरातही लांबच लांब गुहा होती. दोन्ही गुहा खालून जोडलेल्या असतील का? काही शोधक वर्षानुवर्षे हे शोधत होते. १९७२ साली पॅट्रिशिया क्राउथर ही शिडशिडीत बाई एका अगदी अरुंद फटीतून पलीकडे सरकली. पुढच्या खेपेला त्या वाटेने गेलेल्या मंडळींना भिंतीवर अक्षरे दिसली. ‘पीट एच’ एवढेच नाव आणि शेजारी एक बाण! पीट हॅन्सन हा मॅमथ गुहेचा जुना वाटाड्या. म्हणजे तिकडचा माणूस इथवर आला होता! मग वाट असलीच पाहिजे. सप्टेंबर महिन्यात सहा जण चिखलातून, खोल पाण्यातून पुढे गेले. शेवटी दिव्याच्या उजेडात लोखंडी कठडा दिसला. तो मॅमथ गुहेतल्या पाहुण्यांच्या वाटेवरचा कठडा होता. दोन गुहांची एक गुहा झाली. ही हकिकत ब्रकर आणि वॉटसन या दोघांनी १९७६ साली पुस्तकात लिहिली. पुस्तकाचे नावच ‘सर्वांत लांब गुहा’ असे आहे.

आता तिथे भिंतीवर नाव काढायला बंदी आहे, आणि ते बरोबरच आहे. दगड खराब करू नये. लिहायला कागद आहे.

आम्ही हा धडा का दिला? आपल्या गावातही किती माहिती असते! कोणती विहीर उन्हाळ्यातही आटत नाही, झरा कुठे आहे, जुनी वाट कुठून जाते. हे सारे म्हाताऱ्या माणसांच्या डोक्यात असते. माणूस गेला की तेही जाते. आता आपल्याला लिहिता येते. मग ते विचारून लिहून ठेवू या. पुढच्या माणसाला त्यातूनच वाट सापडेल.

प्रश्न
१. चुनखडीत गुहा कशी तयार होते?
२. स्टीफनने नकाशा कुठे बसून काढला?
३. भिंतीवरच्या अक्षरांवरून शोधकांना काय कळले?
४. आपल्या गावातल्या पाण्याच्या जागा वहीत लिहा. जमल्यास नकाशाही काढा.