चार्जर रुसला तर काय करावे?

आजीने रात्री फोन चार्जरला लावला. सकाळी पाहते तो बॅटरी वीस टक्क्यांवरच! आजी एकटी राहते. तिचा फोन बंद लागला की मुलांचा जीव टांगणीला लागतो. आजीने चार्जरलाच दोष दिला. पण नवा चार्जर आणण्याआधी जुन्याची पारख करावी.

पारख करताना एका वेळी एकच गोष्ट बदलावी, म्हणजे दोष नेमका सापडतो.

१. सॉकेट : त्याच सॉकेटमध्ये टेबलावरचा दिवा लावून पाहावा. भारतात आणि इस्राएलमध्ये घरातील वीज २३० व्होल्टचीच असते. चार्जरवर ‘१००-२४० व्होल्ट’ असे छापलेले असेल, तर भारतातून आणलेला चार्जर इथेही चालतो. अडते ते पिनांपाशी. भारतातील जाड गोल पिना इथल्या सॉकेटमध्ये जात नाहीत, म्हणून अ‍ॅडॅप्टर लावतात. तो सैल बसला तर वीज येते-जाते आणि तो तापतो.

२. वायर : नीट चालणारी दुसरी वायर लावून पाहावी.

३. फोनचे तोंड : त्यात धूळ साचली की वायर पूर्ण आत बसत नाही. फोन बंद करून कोरड्या लाकडी टूथपिकने ती हलकेच काढावी. टाचणी घालू नये.

४. पोर्ट : तीच वायर चार्जरच्या दुसऱ्या पोर्टमध्ये लावावी.

५. वाटणी : बाकीच्या वायरी काढून पाहाव्यात. चार्जरवरचा ‘६५ वॉट’ हा आकडा बहुधा सगळ्या पोर्टांचा मिळून असतो. एका भाकरीचे चार वाटे केले तर प्रत्येकाला कमीच येणार! लॅपटॉप लावला की फोन हळू भरतो. नवी वायर लावताच चार्जिंग क्षणभर थांबले, तर ती नवी वाटणी असू शकते. तो बिघाड नव्हे.

आजीच्या नातवाने याच क्रमाने पाहिले. दिवा लागला. वायर बदलताच फोन भरू लागला.

“आजी, चार्जर चांगला आहे. वायर मानेपाशी वाकून तुटली.”

“मग चार्जरला उगीच नावं ठेवली, बाई!”

चार्जर कोमट होणे साहजिक आहे. मात्र हात ठेववणार नाही इतका तापला, करपल्याचा वास आला किंवा पिना काळ्या पडल्या, तर तो पुन्हा वापरू नये. भारतात सॉकेटशेजारी बटण असते. इस्राएलमध्ये ते बहुधा नसते. म्हणून धूर किंवा ठिणगी दिसली तर चार्जरला हात न लावता आधी घरातील मेन स्विच बंद करावा. तो कुठे आहे हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक हवे.

शब्दार्थ
पारख – नीट तपासणी
जीव टांगणीला लागणे – फार काळजी वाटणे
नावे ठेवणे – दोष देणे
करपणे – जळू लागणे

स्वाध्याय
१. व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॉट. ५ व्होल्ट आणि २.४ अँपिअर असतील तर किती वॉट? (उत्तर : १२)
२. मुलांनी घरच्या चार्जरवरील बारीक आकडे आजी-आजोबांना मराठीत वाचून दाखवावेत. आजी-आजोबांनी त्यांचे उच्चार सुधारावेत.
३. घरातील मेन स्विच दोघांनी मिळून शोधावा.