यंत्रमानव आणि पेणचे कारखाने

प्रश्न : आमच्या शाळेतून रोबॉटिक्स स्पर्धेसाठी संघ उभा करायचा आहे, पण दोन-तीन हुशार मुलांपलीकडे कोणी पुढे येत नाही. काय करावे? — एक शिक्षिका, रोहा

उत्तर : बाई, ‘हुशार’ या शब्दातच आपल्या अडचणीचे मूळ असावे. पेणच्या गणेशमूर्तींच्या कारखान्यात साच्यातून मूर्ती काढणाराच तिचे डोळे आखतो असे नाही. आखणीचा बारीक कुंचला, ज्याचा हात थरथरत नाही त्याच्याच स्वाधीन होतो. फर्स्ट लेगो लीगसारख्या स्पर्धेत अडीच मिनिटांच्या फेरीत यंत्र स्वयंचलित रीतीने कामगिरी बजावते खरे, परंतु परीक्षक मुलांचा संशोधन-प्रकल्प आणि परस्परांशी वर्तनही तितक्याच बारकाईने पाहतात. म्हणून नेटकी वही ठेवणारी, चारचौघांत धीटपणे बोलणारी, सायकलची साखळी स्वतः बसवणारी मुले, आणि मुलीही, सहावीपासूनच हेराव्यात.

२०१६ साली सुरू झालेल्या अटल टिंकरिंग प्रयोगशाळेच्या योजनेत निवडलेल्या शाळेस २० लाख रुपयांपर्यंत अनुदानाची तजवीज होती. ते मंजूर नसले तरी अडू नये. पुठ्ठा, सेल आणि जुन्या खेळण्यांतील दोन मोटरी पुरेत. त्यांतून केलेली गाडी डावीकडेच का ओढते, मोटरींच्या वेगात फरक आहे की आसाला दोरा गुंतला आहे, हे मुलांनाच शोधू द्यावे. आपण मात्र कृपया हात लावू नये.