ग्राफिक्स कार्ड आणि ‘नो कॉस्ट’ हप्ता

कापड घेताना आम्ही थान उलगडतो, पन्हा मोजतो. मांडवीतली मुले मात्र गेमिंगचे ग्राफिक्स कार्ड नुसते नाव सांगून मागतात. २०२५ साली आलेले आरटीएक्स ५०९० एकटे ५७५ वॅटपर्यंत वीज खाते. कंपनी १००० वॅटचा पॉवर सप्लाय सांगते. जुन्या संगणकात तो नसतोच. हा खर्चही कार्डाच्या किमतीत धरावा. मॉनिटर साधा १०८० चा असेल तर इतक्या भारी कार्डाची गरजच काय?

मुंबईत लॅमिंग्टन रोडला भाव जरूर काढा. पण १८ टक्के जीएसटीचे पक्के बिल, त्यावर सिरीयल नंबर, हे पाहूनच पैसे मोजा.

खरी मेख हप्त्यात आहे. शून्य टक्के व्याज असे काही नसतेच, हे रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच सांगितले. क्रेडिट कार्डाच्या ‘नो कॉस्ट’ हप्त्यात बँक व्याज लावते, तेवढी सूट आधी मिळते आणि व्याजावरचा जीएसटी आपल्या माथी. नाव काहीही द्या, हा सूदच. त्यापेक्षा रोखीत बसेल ते हलके कार्ड घ्यावे. नाहीतर ओळखीच्या दुकानदाराशी एकच किंमत ठरवून बिनव्याजी हप्ते, तारखांसह, लिहून घ्यावेत.